एका धुण्याला पावणेतीन तास! नवं वॉशिंग मशीन एवढा वेळ आत करतं तरी काय?

मृण्मयी_नाशिक

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे सात किलोचं फ्रंट लोड मशीन आलं. त्याआधी पंधरा वर्षं सेमी-ऑटोमॅटिक होतं. त्यात सगळा हिशेब हाताशी असायचा. टायमर पंधरा मिनिटांवर फिरवायचा, मग घाण पाणी सोडायचं, दोनदा आघळायचं आणि शेजारच्या पिंपात टाकून पाच मिनिटं पिळून घ्यायचं. दीड तासात दोन खेपा दांडीवर.

नव्या मशीनवर 'कॉटन ४० अंश' लावलं की पडद्यावर २:४८ येतं, आणि तेही खरं नसतं. शेवटच्या नऊ मिनिटांना बावीस मिनिटं लागलेली मी घड्याळ लावून पाहिली आहेत. काचेतून बघितलं तर आत पाणी जवळजवळ दिसतच नाही. ओले कपडे गोल फिरतात, थांबतात, उलटे फिरतात. आई रोज विचारते, "अगं, तीन तास काय घुसळतंय ते? माझी सुती पातळं विरतील ना." दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ३० मिनिटांचा क्विक प्रोग्राम लावा. लावला. लेकीच्या शाळेच्या मोज्यांचे तळवे होते तेवढेच काळे बाहेर आले.

हा वेळ नेमका जातो कुठे? तीन तास चालतं म्हणजे वीजही जास्त खातं का? आमचा मजला चौथा, शेवटचा, वर लगेच गच्चीतली टाकी. त्याचा काही संबंध असेल का?

सुहास_ठाणे

आमच्याकडेही हेच. बिघाड समजून मी तक्रार नोंदवली होती. माणूस आला, पाहिलं आणि 'असंच असतं' म्हणून गेला. का असतं ते त्याने सांगितलं नाही. इथे कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

रसायनवाला

मी साबण-डिटर्जंटच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून मुळापासून सांगतो.

कपडा स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात: रसायन, म्हणजे साबण किंवा पावडर, घासणं-आपटणं, पाण्याची उष्णता, आणि वेळ. जर्मनीतल्या हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर या रसायनतज्ज्ञाने १९५९ साली हे एका वर्तुळात मांडलं. धुलाईच्या धंद्यात आजही त्याला 'सिनरचं वर्तुळ' म्हणतात. चार वाटे मिळून वर्तुळ पूर्ण होतं. एक वाटा कमी केला तर बाकीच्यांनी ती जागा भरून काढायची, नाहीतर कपडा मळकाच राहतो.

आता तुमचं जुनं मशीन आठवा. पिंप भरून पाणी, तळाशी जोरात फिरणारी चकती. घासणं भरपूर, म्हणून पंधरा मिनिटांत काम व्हायचं. फ्रंट लोडमध्ये पाणी कमी, आणि कपडे वर उचलून खाली पाडायचे एवढीच मारझोड. उष्णताही बेतानेच वापरायची, कारण वीज खरी तिथेच जाते. हिशेब करून बघा. ड्रममध्ये १५ लिटर पाणी धरू. ते २५ अंशांवरून ६० वर न्यायला ५२५ किलोकॅलरी लागतात. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे नुसत्या पाण्याला साधारण ०.६ युनिट. तेच पाणी ४० पर्यंतच नेलं तर पाव युनिटाहून किंचित जास्त. आणि जुन्या पद्धतीने ६० लिटर पाणी ६० अंशांवर नेलं असतं तर जवळजवळ अडीच युनिट गेले असते. तेव्हा 'तीन तास म्हणजे तिप्पट वीज' हे गणित इथे लागू पडत नाही. मोटर दहा-बारा सेकंद फिरते, थांबते, पुन्हा फिरते. तिला हीटरच्या मानाने फार थोडं लागतं.

थोडक्यात, मशीनने पाणी आणि वीज वाचवली आणि त्याची भरपाई वेळाने केली.

दुसरं कारण खुद्द पावडरीत आहे. तिच्यातली एन्झाइम्स घाम, रक्त, दूध, पिठाचा चिकटा यांचे रेणू तोडतात. हा शोध जुना आहे. ऑटो रोम या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९१३ सालीच धुण्यासाठी एन्झाइमचं पेटंट घेतलं होतं. पण एन्झाइम म्हणजे घण नव्हे. ते एकेक साखळी कुरतडत जातं. कोमट पाण्यात त्याला पाऊण-एक तास मिळाला तर जे निघतं, ते पंधरा मिनिटांत निघत नाही. तुमच्या मोज्यांचे तळवे क्विकमध्ये का निघाले नाहीत, त्याचं हे निम्मं उत्तर. उरलेलं निम्मं म्हणजे तुम्ही बहुतेक ड्रम भरून क्विक लावला असणार. तो दोन किलोपर्यंतच्या, नुसत्या घामेजलेल्या कपड्यांसाठी असतो.

मृण्मयी_नाशिक

खरं आहे, ड्रम भरलेला होता. पुस्तिकेत दोन किलो लिहिलंय हे आत्ता उघडून पाहिलं.

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे. या लांबलचक वेळेचं मूळ बऱ्याच अंशी इथल्या नियमांत आहे, म्हणून लिहिते.

युरोपात १ मार्च २०२१ पासून प्रत्येक नव्या घरगुती मशीनमध्ये 'इको ४०-६०' नावाचा प्रोग्राम असावाच लागतो. ज्या सुती कपड्यांच्या पट्टीवर ४० लिहिलंय आणि ज्यांवर ६०, ते दोन्ही एकत्र टाकून स्वच्छ निघाले पाहिजेत, अशी त्याची अट. ए ते जी हा ऊर्जेचा दर्जा याच प्रोग्रामवर मोजतात. मग कंपनी काय करणार? पाणी ६० पर्यंत न तापवता, कमी तापमानात जास्त वेळ फिरवून तेवढीच स्वच्छता साधायची. वेळ हाताबाहेर जाऊ नये म्हणून नियमानेच मर्यादा घातली आहे. मशीन मोठं असलं तरी चार तासांच्या वर नाही. हे वाचून मीही थक्क झाले होते. मर्यादाच चार तासांची!

त्याआधी डिसेंबर २०१३ पासून २० अंशांचा प्रोग्राम देणं बंधनकारक झालं होतं. माझ्या शेजारच्या आजी पांढऱ्या चादरी अजून ९५ अंशांवर धुतात. त्यांच्या तरुणपणी तीच रीत होती.

इथे लोक या वेळेची कुरकुर करत नाहीत असं नाही. पण बहुतेक जण ड्रम भरतात, उशिरा सुरू होण्याचं बटण लावतात आणि कामाला जातात. मीही संध्याकाळी साडेसहाला घरी येते तेव्हा धुणं नुकतंच झालेलं असतं. आधी संपलं तर ओले कपडे ड्रममध्ये पडून राहतात आणि कुबट वास धरतात, म्हणून वेळ उलटी मोजून लावायची.

सुहास_ठाणे

दूरदेशी, माहिती उत्तम. पण मला यातच एक गोष्ट खटकते. तुमच्याकडे नळाचं पाणी थंडगार. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. आपण एक कपडा एकच दिवस घालतो, घाम आणि धूळ एवढाच मळ. तुमच्याकडे जीन्स आठवडाभर घालत असतील. मग तिथल्या मोजमापासाठी जुळवलेला प्रोग्राम आपण इथे रोज का चालवायचा? ठाण्यातल्या माणसाच्या ऑफिसच्या शर्टला तीन तास हे मला पटत नाही, आणि वर्तुळ दाखवूनही पटणार नाही.

रसायनवाला

सुहास, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि वर्तुळाच्या विरुद्धही नाही. मळच कमी असेल तर वर्तुळच लहान. रोजच्या शर्टांना ४० ते ६० मिनिटांचा मधला प्रोग्राम पुरे. बहुतेक मशीनवर तो 'मिक्स' किंवा 'डेली' या नावाने असतो. कपड्यांच्या दृष्टीनेही ते बरं. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात ४० अंशांवरच्या ८५ मिनिटांच्या धुलाईची २५ अंशांवरच्या ३० मिनिटांच्या धुलाईशी तुलना केली होती. थंड आणि आखूड धुलाईत रंग कमी उतरला आणि बारीक तंतूही कमी सुटले. मृण्मयीताई, तुमच्या आईची पातळांची काळजी अगदी रास्त आहे. ती वेगळी काढा आणि नाजूक कपड्यांच्या थंड प्रोग्रामवर लावा.

जुना_पाना

नमस्कार. मी कोल्हापुरात २६ वर्षं मशीन दुरुस्त करतोय. कारखान्यातून ठरून आलेला वेळ एक, आणि तुमच्या घरात त्यात भर पडते ती दुसरी. ताईंच्या तक्रारीत मला दुसरीच जास्त दिसते, म्हणून त्यावर लिहितो.

पडद्यावरचा आकडा हा अंदाज असतो. मशीन सुरुवातीला कपडे कोरडेच थोडे फिरवतं, मोटरवर किती भार येतो ते बघतं आणि त्यावरून वेळ मांडतं. पुढे अडचण आली की घड्याळ थांबतं किंवा मागे जातं.

पहिली अडचण पाण्याची. मशीनला ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी आलं की मगच पुढचं काम सुरू होतं. उंचीचा हिशेब असा: दहा मीटर उंच टाकी म्हणजे एक बार दाब. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन मीटर, म्हणजे जेमतेम ०.३ बार. पुष्कळ मशीनला किमान तेवढा तरी लागतोच. ताई, मशीनच्या नळाची नळी काढा, खाली लिटरची बाटली धरा आणि सेकंद मोजा. वीस सेकंद लागले तर मिनिटाला तीन लिटर. एका धुण्याला साधारण ५५ लिटर धरले तर नुसतं पाणी भरण्यातच अठरा मिनिटं. सहा सेकंदांत भरली तर तेच काम साडेपाच मिनिटांत.

नळी काढलीच आहे तर मशीनच्या पाठीमागे जिथे ती बसते तिथे प्लास्टिकची बोटभर जाळी असते. पकडीने अलगद ओढून बाहेर काढा. टाकी धुतल्यावर सगळी रेती तिथेच जाऊन बसते. मला दहातल्या निदान चार घरी मशीन ठीक आणि जाळी भरलेली सापडते.

दुसरी अडचण फेसाची. हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. फेस झाला की कपडे फेसाच्या गादीवर पडतात, आपटत नाहीत. पंपालाही फेस ओढता येत नाही. मशीनला फेस कळला की ते थांबतं, फेस बसू देतं आणि जास्तीचं पाणी घेऊन पुन्हा आघळतं. पंधरा-वीस मिनिटं अशी सहज जातात.

तिसरी, आणि तुमच्या त्या नऊ मिनिटांच्या बावीस मिनिटांचं बहुधा खरं कारण: तोल. पिळायला सुरुवात करण्याआधी मशीन कपडे ड्रमभर सारखे पसरवायचा प्रयत्न करतं. एकच जाड चादर किंवा एकच मोठा टॉवेल टाकला तर तो गोळा होऊन एका बाजूला बसतो. मशीन हळू फिरवतं, थांबतं, सोडवतं, पुन्हा फिरवतं. वेग घेतला असता तर मशीन खोलीभर चाललं असतं. चादरीबरोबर चार छोटे कपडे टाका.

आणि सगळं संपल्यावरही दार मिनिट-दोन मिनिटं उघडत नाही, त्याला हिसका मारू नका. कुलपातली तापलेली पट्टी थंड झाल्याशिवाय कडी सुटत नाही. हिसक्याने तुटलेल्या मुठी मी रोज बदलतो.

सोलापूरकर

आमच्याकडची दोन कारणं यात घालतो. एक व्होल्टेज. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडते. २३० वर २००० वॅटचा हीटर १८० व्होल्टला सव्वाबाराशे वॅटचाच राहतो. रसायनवाल्यांच्या हिशेबातलं ते पाणी ६० पर्यंत यायला अठरा मिनिटं पुरेशी होती, तिथे अर्धा तास लागतो. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या भागात व्होल्टेज उतरतं. तेव्हा गरम पाण्याचं धुणं मी पहाटे लावतो.

दुसरं बोअरचं पाणी. हीटरवर पांढरा थर चढतो, बंबात चढतो तसाच. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरायला वेळ घेते आणि हीटर लवकर जळतो. शिवाय जड पाण्यात पावडरही वाया जाते. मी दोन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये लिंबूसत्त्व घालून ६० वर चालवतो. मात्र आधी आपल्या मशीनची पुस्तिका बघा. तिथे चालतं असं लिहिलं असेल तरच करा.

कृष्णाकाठ

सगळं वाचलं, आणि आईची आठवण आली, म्हणून लिहिते. माझं माहेर वाईचं. आई शाळेत शिकवायची. आदल्या रात्री जेवणं आटोपली की सहा माणसांचे कपडे सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची. पहाटे साडेचारला उठून पांढरे कपडे चुलीवर उकळायची, बाकीचे दगडावर चुबकायची. धोपाटण्याचा आवाज ऐकतच आम्ही जागे व्हायचो. मग दोन पाण्यांतून आघळणं, नीळ देणं, जाड चादर आम्ही दोघी दोन टोकांना धरून पिळणं. सातला धुणं दांडीवर आणि साडेसातला ती शाळेच्या वाटेवर.

भिजण्याची ती रात्र मोजली तर त्या धुण्याला नऊ-दहा तास लागायचे. कुणी कधी मोजले नाहीत. एन्झाइमला तासभर द्यावा लागतो हे वाचताना वाटलं, ती रात्र तेच काम करत होती. आणि त्यातले अडीच तास तिच्या अंगावर होते. साठीत तिच्या अंगठ्यांची हाडं इतकी दुखायची की डब्याचं झाकण उघडेना.

म्हणून माझं मशीन तीन तास घेतं तेव्हा मला काही वाटत नाही. माझी त्यात दहा मिनिटं जातात. सेमी-ऑटोमॅटिकचा तास छोटा दिसतो खरा, पण त्या तासात बाईला मशीनच्या भोवतीच राहावं लागतं. मृण्मयी, तुमच्या दीड तासात किती वेळा उठून जावं लागायचं?

मृण्मयी_नाशिक

खेपेला सहा-सात वेळा. तेव्हा ते कधी धरलंच नाही मी.

अवनी_रत्नागिरी

वडील आठ महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या चादरी आणि लंगोट मी ६० अंशांवरच धुवायचे, पूर्ण वेळ. सुहास, रोजच्या शर्टाबद्दल तुमचं बरोबर, पण ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे तिथे वेळ कापू नका. तेव्हा मला तो लांब प्रोग्राम फार मोठा आधार वाटला.

एक विचारायचं होतं. आघळण्यातच सव्वा तास जातो, तो का? जुन्या मशीनमध्ये नळ सोडून ठेवला की दहा मिनिटांत स्वच्छ पाणी यायला लागायचं.

रसायनवाला

अवनीताई, चांगला प्रश्न. यालाही आकडे लावून पाहू.

समजा पाच किलो कपडे न पिळता तसेच ठेवले तर त्यांत दहा लिटर साबणाचं पाणी उरतं. वर १५ लिटर ताजं पाणी घातलं तर २५ लिटरमध्ये जुनं दहा, म्हणजे साबण दोन पंचमांशावर आला. असं तीनदा केलं तर मूळच्या सोळाव्या भागाइतका साबण उरतो. तो खाज आणायला पुरेसा आहे.

आता मध्ये पिळून घ्या. कपड्यांत तीनच लिटर उरले. वर तेच १५ लिटर. साबण सहाव्या भागावर. तीनदा केलं की २१६ वा भाग. पाणी तेवढंच, आणि फरक तेरापट. म्हणून फ्रंट लोड प्रत्येक आघळणीआधी पिळतं. पिळायचं म्हणजे आधी पाणी काढायचं, तोल साधायचा, वेग वाढवायचा आणि उतरवायचा. असं तीन-चार वेळा. सव्वा तास तिथे जातो. सोडलेल्या नळाखालीही हेच साधायचं, पण शंभराहून जास्त लिटर पाणी गटारात जायचं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात मी ते पाणी सोडणार नाही.

सुहास_ठाणे

हे पिळण्याचं गणित मला पहिल्यांदाच कळलं. दोन दिवस 'डेली' ५० मिनिटं लावून पाहिलं, शर्ट व्यवस्थित निघाले. चादरी आणि टॉवेलना मात्र रविवारी लांबचा प्रोग्राम लावणार. एक मात्र विचारतो, हळदीचा डाग तीन तासांतही का जात नाही?

रसायनवाला

हळदीचा रंग एन्झाइमला तोडता येत नाही, कारण तो रंग प्रथिनही नाही आणि पिष्टही नाही. साबणाच्या अल्कलीत तो उलट लाल होतो, हे आपण लहानपणापासून बघतो. तो जातो उन्हाने. धुऊन ओला कपडा कडक उन्हात टाका, लाल पुन्हा पिवळा होऊन फिकटत जाईल. तिथे मशीनचा वेळ वाढवून उपयोग नाही.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, म्हणून जुना_पाना काकांनी सांगितलं तसं सगळं केलं.

बाटली भरायला २६ सेकंद लागले. जाळी काढली तर ती दिसतच नव्हती, नुसती रेती आणि शेवाळाचा गोळा. गेल्या महिन्यात सोसायटीची टाकी धुतली होती, त्याचंच असणार. जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतली आणि परत बसवली. पावडर हाताने धुवायचीच होती, तीही बदलली. एकटी चादर टाकायचं बंद केलं.

त्याच कॉटन ४० ला पडद्यावर २:४८ आलं, आणि खरोखर २:५३ ला संपलं. शेवटची नऊ मिनिटं अकरा झाली. आधी हेच धुणं सव्वातीन तासांपर्यंत जायचं. म्हणजे निदान वीस-पंचवीस मिनिटं माझ्याच घरातली होती. मोजे आदल्या रात्री बादलीत भिजवले आणि सकाळी ४० वर लावले, तळवे निघाले. आईची पातळं वेगळी, थंड पाण्यात. ती काचेसमोर पाट घेऊन बसली होती आणि पाणी किती वेळा आलं-गेलं ते मोजत होती. पाच वेळा, म्हणाली.

एकच शंका उरली आहे. नळी परत लावल्यावर जोडाशी थेंब येतोय.

जुना_पाना

ताई, नळ बंद करा आणि नळी पुन्हा सोडवा. आटीच्या आत काळा रबरी वॉशर असतो, तो तिरका बसला असेल. बोटाने सपाट दाबा, मग हातानेच आवळा. पान्याने आवळू नका, प्लास्टिकची आटी फुटते. नळ सुरू करून जोडाखाली कोरडा कागद ठेवा आणि तासाभराने बघा.